एका वेळी क्रोशाची किती कामं हातात असावीत?

या आठवड्याच्या व्हिडिओत अर्ध्या राहिलेल्या कामांचा मुद्दा शेवटच्या तीन मिनिटांत उरकावा लागला. विषय त्यापेक्षा मोठा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

वसईत माझं शिवण-विणकामाच्या साहित्याचं दुकान आहे. काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं: "आधीचं अजून संपलं नाहीये, पण हा रंग दाखवा ना." मग बोलता बोलता यादी बाहेर येते. बहिणीच्या बाळंतविड्यातली टोपी झाली, मोजे राहिले. दाराचं तोरण झालं, फक्त खालची झालर बाकी. पुतणीची बाहुली एका हाताची. सोफ्याच्या कव्हरसाठी चाळीस चौकोन लागतात, सतरा तयार आहेत. अशा सहा-सात पिशव्या कपाटात, आणि ताई आठवीसाठी लोकर निवडतायत. माझा गल्ला भरतो, त्यामुळे मी तक्रार करायला नको. पण यातल्या निम्म्या ताई आता ऑर्डरीही घेतात, आणि तिथे हा प्रकार महागात पडतो. छंद म्हणून दहा कामं उघडी असणं आणि दहा ऑर्डरी उघड्या असणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जणी दोन्ही एकाच पिशवीत भरतात. गोंधळ तिथेच सुरू होतो.

आधी हे बघू की क्रोशात एवढी कामं साठतात तरी का. "तुला चिकाटीच नाही" हे घरच्यांचं उत्तर असतं. मला ते पटत नाही. कारण क्रोशाच्या बांधणीतच आहे. दोन सुयांवर स्वेटर विणताना रांगेतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात. सुई काढली की टाके सुटायला लागतात, म्हणून ते काम सुईला बांधलेलं राहतं आणि तुम्हीही त्याला बांधलेल्या राहता. क्रोशात मात्र कुठल्याही क्षणी साधारण एकच फास जिवंत असतो. त्यात एक सेफ्टी पिन अडकवली की झालं, सुई मोकळी. तीच सुई घेऊन पाच मिनिटांत तुम्ही दुसरं तोरण सुरू करू शकता, आणि पहिलं काम वर्षभर कपाटात पडलं तरी एक टाका सुटत नाही. थांबवणं इतकं स्वस्त असलेला हातउद्योग दुसरा पटकन आठवत नाही. जे थांबवणं सोपं ते लांबतं, मग तो क्रोशा असो की दुकानाचं अकाउंट लिहिणं.

थांबवणं फुकट वाटतं, पण ते फुकट नसतं. जरा हिशेब करू.

समजा तुम्हाला रोज सरासरी पाऊण तास मिळतो. घर, नोकरी, मुलांचा अभ्यास सांभाळून पाऊण तास म्हणजे चांगलाच झाला. आठवड्याला सव्वापाच तास. हातात सहा कामं आहेत, प्रत्येक साधारण २० तासांचं. एकूण १२० तास, म्हणजे जवळपास २३ आठवडे. इथपर्यंत दोन्ही पद्धतींत फरक नाही. आता एकेक काम संपवत गेलात तर पहिली वस्तू चौथ्या आठवड्यात हातात येते, दुसरी आठव्यात, तिसरी बाराव्यात, आणि शेवटची तेविसाव्यात. वस्तूमागे सरासरी १३ आठवडे. आणि सहाही कामं रोज आलटून पालटून थोडी थोडी केलीत तर? बाविसाव्या आठवड्यापर्यंत एकही वस्तू पूर्ण नाही, मग शेवटच्या आठ-दहा दिवसांत सगळ्या एकदम. मेहनत तेवढीच, तास तेवढेच. फक्त बाळंतविडा जूनमध्ये सुरू केला असेल तर तो नोव्हेंबरात पोचतो आणि तोवर बाळ पालथं पडून रांगायच्या बेतात असतं. टोपी डोक्यावर बसत नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. बीबीएला ऑपरेशन्सच्या पेपरात 'लिटलचा नियम' असतो. एमआयटीच्या जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. सोप्या भाषेत असा: एखादं काम सरासरी किती दिवस लटकतं? तर हातात असलेली कामं भागिले ठरावीक काळात पूर्ण होणारी कामं. बारा पिशव्या उघड्या आणि महिन्याला दोन वस्तू पूर्ण होत असतील तर प्रत्येक वस्तू सरासरी सहा महिने घेणार. वेग वाढवणं आपल्या हातात फारसं नसतं, कारण पाऊण तासाचा दीड तास कुठून आणणार? मात्र बारा पिशव्यांच्या चार करणं आपल्याच हातात असतं, आणि तेवढ्याने सहा महिन्यांचे दोन होतात. टोयोटाच्या कारखान्यातली कानबान पद्धत याच विचारावर चालते: पुढच्या टप्प्यावर जागा झाल्याशिवाय मागून नवीन काम ढकलायचं नाही. गंमत म्हणजे विणणाऱ्या बायका अर्ध्या कामाला 'डब्ल्यूआयपी' म्हणतात, आणि कारखान्याच्या ताळेबंदातही अर्ध्या मालाला हाच शब्द आहे. तिथे तो अडकलेला पैसा म्हणून मोजतात. आपण मात्र तो मोजतच नाही.

मोजून बघा. आठ पिशव्या, प्रत्येकीत चारशेचा दोरा धरला तर बत्तीसशे रुपये कपाटात बसलेत. हा आकडा काढला की कपाटाकडे बघायची नजर बदलते.

थांबलेलं काम काय काय खातं

पैशापेक्षा मोठं नुकसान दोन ठिकाणी होतं आणि ते दुकानात मला रोज दिसतं.

पहिलं, लॉट नंबर. लोकरीच्या किंवा दोऱ्याच्या गुंड्यावरच्या लेबलवर शेडचा नंबर असतो, तसाच रंगाच्या घाणीचा लॉट नंबरही असतो. शेड तीच असली तरी वेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्यात किंचित फरक येतो. ट्यूबलाइटखाली कळत नाही. उन्हात धरलं की ब्लँकेटवर सरळ पट्टा दिसतो. आज सुरू करून याच महिन्यात संपवणारी ताई एक गुंडा कमी पडला तर येऊन त्याच लॉटचा घेऊन जाते. आठ महिन्यांनी आली तर तो लॉट माझ्याकडेच काय, होलसेलवाल्याकडेही नसतो. म्हणून मोठं काम असेल तर दोरा एकदम घ्या, एखादा गुंडा जास्तच घ्या, आणि लेबल फेकू नका. न वापरलेला सीलबंद गुंडा परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारा. बरेच जण घेतात.

दुसरं, तुमचा हात. विणणाऱ्याचा हात सैल-घट्ट होत असतो. मन शांत असलं की टाके सैल, घाई असली की घट्ट. सलग काम केलं तर हात एक लय धरतो. सहा महिन्यांच्या खंडानंतर तीच सुई, तोच दोरा, तेवढेच खांब, तरी रुंदी दीड-दोन सेंटीमीटर वेगळी येते. म्हणून जुनं काम पुन्हा हातात घेताना दोन-तीन रांगा विणा आणि जुन्या भागाशेजारी पट्टी लावून मोजा. नवा भाग रुंद येत असेल तर अर्ध्या मिलिमीटरने लहान सुई घ्या, आखडत असेल तर मोठी. दोन रांगा उसवायचा कंटाळा करू नका, बाकीच्या वीस उसवण्यापेक्षा तो परवडतो.

तिसरी गोष्ट आपल्या भागापुरती: दमट हवा. पावसाळ्यात सुती दोरा बंद प्लास्टिकमध्ये महिनोन्‌महिने राहिला की कुबट वास धरतो, पांढऱ्यावर पिवळे डाग येतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांना तर सांगायला नकोच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरलं तेव्हा खालचे कप्पे आधी गेले. कापडी पिशवी, वरचा कप्पा, आणि ऊन पडलं की एकदा वारा.

मग एकाच कामाला बसायचं का?

नाही. छंद म्हणून करत असाल तर एकच काम हातात ठेवणं हा उलट कंटाळा येण्याचा रस्ता आहे. मी एकापेक्षा जास्त कामांच्या बाजूने आहे, फक्त ती रंग बघून न निवडता वेळ आणि जागा बघून निवडावीत.

आपल्याकडे ट्रेनचा वेळ मोठा आहे. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईचे जायचे-यायचे मिळून अडीच-तीन तास लोकलमध्ये जातात. बसायला मिळालं तर. चौथ्या सीटवर अर्धी टेकून विणता येत नाही, कोपर शेजारणीला लागतं. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या आणि विणणाऱ्या अशा तिघी समोरासमोर बसलेल्या मी कित्येकदा पाहिल्यात. ट्रेनचं काम छोटं हवं, तळहाताएवढं: चौकोन, फुलं, तोरणाचे सुटे तुकडे. मोजणी कमी, एकाच रंगाचा दोरा, आणि भाईंदरच्या खाडीपाशी थांबवलं तरी नालासोपाऱ्याला विसर पडणार नाही असं. सगळं एका चेनच्या पाऊचमध्ये मावलं पाहिजे.

टीव्हीसमोरचं काम वेगळं. लांबच लांब रांगा, मुके खांब नाहीतर साधे खांब, हाताला सवय झालेली. ब्लँकेट, शाल. हे मोठं असतं, घरातून हलत नाही, आणि हिवाळ्यात मांडीवर घेऊन बसायलाही बरं.

आणि तिसरं डोक्याचं काम. अमिगुरुमीच्या बाहुल्या, जाळीचा रुमाल, नवीन नमुना. यात प्रत्येक फेरीत टाके वाढवायचे-कमी करायचे असतात, मोजणी चुकली की बाहुलीचं डोकं वाकडं. हे शांततेत, टेबलावर, दुपारी. कोणी "आई, माझा टिफिन कुठेय?" विचारणार नाही अशा वेळेला.

तीन जागा, तीन कामं. ही एकमेकांचा वेळ खात नाहीत, कारण ट्रेनमध्ये बाहुली होणार नव्हती आणि टेबलावर कोणी चौकोन करत बसत नाही. दोन बाहुल्या एकदम उघडल्या तर मात्र त्या एकाच दुपारसाठी भांडतात. चौथं काम घ्यायचं असेल तर या तिघांतलं एक संपवा किंवा उसवा. मनगट आणि अंगठ्यालाही हा बदल बरा. जाड लोकर आणि बारीक दोरा यांत पकड वेगळी असते, सलग एकच पकड धरून बसलं की दुखणं वाढतं. दुखत असेल तर मात्र काम बदलू नका, थांबाच.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असावी: सुईचा नंबर मिलिमीटरमध्ये, लॉट नंबर, कितवी रांग झाली, नमुना कुठे सापडेल, कोणासाठी आणि कधीपर्यंत. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर प्रत्येक वेळी पिशवी उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटं "मी कुठे होते" यात जातात, आणि तुमच्याकडे असतात एकूण पंचेचाळीस.

ऑर्डरींचा नियम वेगळा

ऑर्डर घेतली की ते काम छंदाच्या रांगेतून बाहेर काढा. वेगळी पिशवी, शक्यतो वेगळा कप्पा. एका वेळी एक ऑर्डर सुईवर, फार तर दुसरी दोरा घेऊन तयार. कारण आता तुमच्या उशिराची किंमत दुसरी व्यक्ती भरते. तिचा समारंभ ठरलेला असतो.

तारीख देताना मागून मोजत या. समजा ख्रिसमससाठी ३० तारे हवेत आणि वस्तू १५ डिसेंबरला द्यायची आहे. एका ताऱ्याला ४० मिनिटं धरली तर २० तास, तुमच्या वेगाने चार आठवडे. ताऱ्यांना खळ देऊन, टाचण्या लावून वाळवायला आणि पॅकिंगला आणखी एक. म्हणजे १० नोव्हेंबरच्या आसपास सुरुवात व्हायला हवी. आणि दिवाळी नोव्हेंबरात आली असेल तर फराळाच्या त्या आठवड्यात सुई हातात येत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मग सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, नाहीतर तारे २२. गिऱ्हाइकाला "बघते हं, करते" म्हणण्यापेक्षा "२२ होतील" म्हणणं चांगलं. वसईत डिसेंबर-जानेवारीत लग्नांचीही गर्दी असते, म्हणजे ऑर्डरी एकाच वेळी येणार. कितीला हो म्हणायचं हे ऑक्टोबरातच वहीत लिहून ठेवा.

आता किंमत. तोरणाला दोरा ३५० रुपयांचा, वेळ १८ तास, विकलं ९०० ला. वरचे ५५० म्हणजे तासाला साधारण ३० रुपये. मी हा हिशेब मांडला की समोरून उत्तर येतं, "जाऊ दे ना, फावल्या वेळातच करते." हे वाक्य फार जुनं आणि फार महाग आहे. आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे ती कला शिकवली आणि पुढे माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या लेस करणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं, ते १९८२ मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं की या बायका घरकाम सांभाळून रोज कित्येक तास लेस करत होत्या, माल जगाच्या बाजारात विकला जात होता, आणि तरी त्यांना कामगार न म्हणता मोकळ्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी समजलं जात होतं. मजुरी अगदी तुटपुंजी. एक बाई फक्त फुलं करायची, दुसरी जोडायची, त्यामुळे पूर्ण वस्तू केवढ्याला जाते हे बहुतेकींपर्यंत पोचतच नसे. "फावला वेळ" या शब्दाने किती पैसे वाचतात आणि ते कोणाचे वाचतात, हे त्यात स्वच्छ दिसतं.

(जाता जाता: आपल्याकडेही कोणी कोणी म्हणतं की वसईत क्रोशा पोर्तुगीजांनी आणला. पोर्तुगीज इथून १७३९ मध्ये गेले. क्रोशाचे छापील नमुने युरोपातच १८२० च्या दशकात दिसू लागतात. तारखा जुळत नाहीत.)

तुकडे वाटून घेणं वाईट नाही, हिशेब सगळ्यांसमोर असला तर. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने क्रोशाच्या सर्वांत मोठ्या ब्लँकेटचा गिनीज विक्रम केला, ११ हजार चौरस मीटरहून मोठं. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी तुकडे विणले आणि ते एकत्र आणून जोडले. बचत गटाला मोठी ऑर्डर आली तर हीच पद्धत वापरता येईल. फक्त तीन गोष्टी आधी ठरवा: सगळ्यांना एकाच लॉटचा दोरा एकाच ठिकाणाहून, एक नमुना-चौकोन प्रत्येकीच्या घरी मापासाठी, आणि चौकोनामागे दर लिहून. जोडणाऱ्या बाईचे तास वेगळे धरा. ते काम सगळ्यात किचकट असतं आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही.

एक गोष्ट मी ट्रेनर असूनही सांगते, कारण ट्रेनर लोक सहसा सांगत नाहीत. प्रत्येक छंदाचा धंदा करायची गरज नाही. काही ताई क्रोशा करतात ते दिवसातून पाऊण तास कोणी हाक मारू नये म्हणून. त्यांना ऑर्डरीची डेडलाइन दिली की तो पाऊण तासही गेला. तुम्ही त्यांच्यातल्या असाल तर शेजारीण "मला पण एक करून दे ना, दोऱ्याचे पैसे देते" म्हणेल तेव्हा "मी विकायला करत नाही हो" हे उत्तर पूर्ण आहे. सात पिशव्या असल्या तरी त्या तुमच्या आहेत, त्यांना कोणतीही तारीख नाही.

ज्यांना कपाट आवरायचंच आहे त्यांच्यासाठी रविवारचं एक काम. सगळ्या पिशव्या पलंगावर ओता. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू आजही कोणाला हवी आहे का? ज्या बाळाचा स्वेटर होता ते शाळेत जायला लागलं असेल तर उत्तर स्पष्ट आहे. तो उसवा. क्रोशा उसवायला सोपा, एक टोक ओढलं की सगळं मोकळं. दोरा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लच्छी करा, कोमट पाण्यात बुडवून, हलक्या हाताने पिळून सावलीत वाळवा, म्हणजे वळ्या जातात. मग पुन्हा गुंडा. केसाळ लोकर, मोहेरसारखी, नीट उसवत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. बाकी पिशव्यांतून ज्याला सगळ्यात कमी तास उरलेत ते काम वर ठेवा. तोरणाची ती झालर तीन तासांची असेल, तर ती या आठवड्यात.

तासाचा दर आणि ऑर्डरीची वही कशी लिहायची, ते पुढच्या शुक्रवारच्या व्हिडिओत करून दाखवते. वही आणि एखाद्या झालेल्या वस्तूचं दोऱ्याचं बिल जवळ घेऊन बसा.